पार्सलची अंडी आणि बल्बवर बसलेली कोंबडी

बायको गेल्यावर तीन महिन्यांनी तिची कोंबडी बल्बवर बसली.

बल्ब झिरोचा, उडालेला. कोंबडीनं कुठंतरी वैरणीत जाऊन अंडी घालू नयेत म्हणून बायको तो टोपलीत कायम ठेवायची. कोंबडीला वाटतं अंडं आहे, ती तिथंच येऊन घालते. कोंबडीला अक्कल कमी, पण मला तरी कुठं जास्त होती? रोज एक अंडं टोपलीत यायचं आणि मी ते उचलून, मिरची टाकून, तव्यावर फोडून भाकरीबरोबर खायचो. चौदा-पंधरा दिवस खाल्ली. मग एके दिवशी अंडं आलं नाही. कोंबडी टोपलीत अंग फुगवून बसली. हात लावला की चोच मारी, दाण्यापाण्यालाही उठेना. खुडूक झाली होती, म्हणजे अंडी उबवायला बसली होती. खाली चाचपलं तर बल्ब. तिनं बसायला म्हणून जमवलेली सगळी अंडी माझ्या पोटात.

ही एकच उरली होती. बायको नगरच्या दवाखान्यात होती तेव्हा घराकडं बघायला कोणी नव्हतं, आणि मुंगसाला ते बरोबर कळलं. आठ कोंबड्या आणि एक कोंबडा, त्यातली ही तेवढी वाचली, कारण हिला लिंबाच्या झाडावर चढून झोपायची खोड. बायकोनं दवाखान्यात दोनदा विचारलं, "कोंबड्या बऱ्या हायेत ना?" मी म्हणालो, बऱ्या आहेत. खोटं बोललो. अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

लग्नानंतर बायको पहिल्यांदा माहेरी जाऊन आली, ती मिरजगावकडून एक तलंग, म्हणजे नुकती अंड्यावर येणारी कोंबडी, पदराखाली लपवून घेऊन आली. एसटीत कंडक्टरला पत्ता लागू दिला नाही. पुढं आमच्या घरात जे काही पंख फडफडलं ते सगळं तिच्याच वाणाचं. तांबूस अंग, काळं शेपूट, आणि चालायचा रुबाब असा की सातबारा हिच्याच नावावर. पंचेचाळीस वर्षं बायकोनं तो वाण सांभाळला. डोरलं मोडलं, पण कोंबड्या विकल्या नाहीत. आता ती गेली, आणि वाणाची शेवटची कोंबडी बल्बवर बसून वाळायला लागली. खुडूक कोंबडी खाली काही नसलं तरी उठत नाही, बसून बसून मरतेसुद्धा. ती मेली असती तर घरात बायकोचं असं चालतंबोलतं काही राहिलं नसतं. मला तिच्याखाली जिवंत अंडी पाहिजे होती, ज्यातून पिल्लं निघतील अशी.

अशी अंडी भिंतीपलीकडं होती. पलीकडं माझी थोरली वहिनी राहते. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, ती एकटीच असते, आणि बायको गेल्यापासून माझ्या भाकरी तिच्याकडूनच येतात. पण तिच्याकडची अंडी मला चालत नव्हती. वहिनीकडं उघड्या मानेचे कोंबडे. मानेवर एक पीस नाही, लाल, सुरकुतलेली, बघवत नाही अशी मान. बायको त्याला "सोललेला" म्हणायची. आणि आमच्या गावात घरांना दारं नाहीत. चौकट असते, दार नसतं. कुत्री येऊ नयेत म्हणून एक फळी आडवी लावतो, पण कोंबड्याला फळीचं काय? तो गावभर जावयासारखा हिंडायचा आणि पाहिजे त्या घरात शिरायचा. बायकोनं तीस वर्षं उंबऱ्यात बसून त्याला, त्याच्या बापाला आणि आज्याला हाकललं. एकदाच डोळा लागला, तर पुढच्या खेपेला चार पिल्लं उघड्या मानेची निघाली. तिनं ती चारही उचलून वहिनीच्या अंगणात नेऊन सोडली आणि म्हणाली, "घ्या, तुमची नातवंडं." तेव्हापासून भिंतीवरून दोघींचं जे लागलं ते शेवटपर्यंत, एकीनं शिवी घालायची आणि दुसरीनं पलीकडून उत्तर द्यायचं.

मग मी ती अंडी कशी आणणार? गावात दुसऱ्या कोणाकडं मागावीत तर अख्ख्या गावाच्या कोंबड्यांच्या माना तोवर उघड्या झालेल्या.

पुण्याच्या मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, अंडी ऑनलाईन मिळतात. उबवायची अंडी पार्सलनं येतात." मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिनं मला मोबाईलवर एका ग्रुपात घातलं. तिथं महाराष्ट्रभरचे लोक दिवसभर अंड्यांचे फोटो टाकतात. माणसं सकाळी उठून एकमेकांना सुप्रभात म्हणून अंडं पाठवतात. मला लिहायला वेळ लागतो, म्हणून मी बोलून पाठवलं, "मला बारा अंडी पाहिजेत. मानेवर पिसं असलेली. अंड्याच्या नाही, कोंबड्याच्या."

कोल्हापूरकडच्या एका माणसाचा फोन आला.

"काका, कुठला वाण देऊ? कडकनाथ हाय, असील हाय, गावरान हाय."

"तांबडी, साधी. भांडकुदळ नको."

"बरं. मशीन कुठलं हाय तुमच्याकडं?"

"कोंबडी."

"न्हाई, अंडी उबवायचं मशीन इचारतोय मी."

"मी पन तेच सांगतोय. कोंबडी."

तो म्हणाला, "आन् टेंपरेचर किती ठेवतासा?"

"तिला इचारून सांगतो."

तो हसला. माणूस बरा होता. म्हणाला, चार दिवसांत पोचतील, प्रत्येक अंडं कागदात गुंडाळून भुशात घालून पाठवतो, खोक्यावर चारी बाजूंनी 'नाजूक' लिहितो.

चौथ्या दिवशी मी सकाळपासून चौकटीत बाज टाकून बसलो. जेवलोही तिथंच. दुपारी तीन वाजता मोबाईलवर निरोप आला: 'आम्ही आपल्या पत्त्यावर आलो होतो. दार बंद असल्यामुळे पार्सल देता आले नाही.'

मी तो निरोप तीनदा वाचला. मग उठून चौकटीकडं बघितलं. न जाणो, म्हटलं. मग खालच्या नंबरवर फोन लावला.

"माझं पार्सल कुठं हाय?"

"काका, मी आलो होतो. दार वाजवलं. कोणी उघडलं नाही."

"कुठलं दार वाजवलंस?"

"तुमचंच."

"ये बाळा, ये. मला पन दाखव. सत्तर वर्षं झाली हितं राहतोय, मला एकदाबी दिसलं न्हाई."

मग तो हळूच म्हणाला, "शिंगणापूर का?"

"शिंगणापूर."

"काका, चिडू नका. खरं सांगू? गाडी बिघडली, मी आलोच नाही. मोबाईलवर कारण टाकावं लागतं. तीनच कारणं आहेत. दार बंद, पत्ता सापडला नाही, आणि गिऱ्हाईकानं नाकारलं. गाडी बिघडली असं कारणच नाही त्याच्यात."

"मंग उद्या?"

"उद्या नक्की."

दुसऱ्या दिवशी निरोप आला: 'ग्राहकाने पार्सल नाकारले.' तीनच कारणं होती बिचाऱ्याकडं, आणि पहिलं वापरून झालं होतं. तिसऱ्या दिवशी पत्ता सापडला नसता, आणि अंडी परत कोल्हापूरला गेली असती. मी टोपी घातली आणि घोडेगावला पार्सलवाल्यांच्या ऑफिसात जाऊन खोकं स्वतः घेऊन आलो. खोक्यावर चारी बाजूंनी 'नाजूक' लिहिलं होतं आणि त्याच्यावर पाण्याच्या मोटारीचं खोकं ठेवलेलं होतं.

परतीला जीप मिळाली. वार शनिवार, त्यामुळं सगळी दर्शनाची माणसं, हातात तेलाच्या बाटल्या, कपाळाला टिळे. मी खोकं मांडीवर घट्ट धरून बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, खोकं वर टपावर टाका, जागा व्हईल."

"टपावर न्हाई टाकायचं. आदळंल."

"हाय काय त्यात एवढं?"

मला खोटं बोलायचा कंटाळा येतो. म्हणालो, "अंडी."

शेजारचा एक जाडा गृहस्थ, उपासाचा, त्यानं मांडी आखडून घेतली. "शनिवारी? दर्शनाला चाललेल्या गाडीत अंडी?"

"दर्शनाला तुमी चाललाय. मी घरी चाललोय. माझं घरच तिथं हाय."

"अहो, पण अंडी!"

"खायची न्हाईत. उबवायची हायेत. पिल्लं निघनार हायेत त्यातनं."

आता जीपमध्ये दोन पक्ष पडले. जाड्याचं म्हणणं, अंडं ते अंडं. मागच्या एका म्हाताऱ्या बाईचं म्हणणं, उबवायचं अंडं म्हणजे अन्न नाही, जीव आहे, आणि जीवाला उपास आडवा येत नाही. ड्रायव्हरनं विचारलं, मग पिल्लू निघालंच नाही तर? तेव्हा बाई म्हणाली, "मंग पुढच्या शनवारी ठरवू. तू म्होरं बघ, खड्ड्यात घालशील." घोडेगाव ते शिंगणापूर हाच विषय. उतरताना त्या बाईनं खोक्याला हात लावून नमस्कार केला. जाड्यानंही मग लांबून केला. उगाच धोका कशाला, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

बायकोच्या अस्थी प्रवरासंगमाला नेल्या तेव्हा मी असाच, मांडीवर मडकं धरून, जीपमध्ये बसलो होतो. तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं.

घरी उघडलं तर एक अंडं फुटलेलं, अकरा धड. कोल्हापूरवाल्यानं फोनवर बजावलं, "काका, लगेच कोंबडीखाली घालू नगा. प्रवासात आतली हवा हललेली असतीया. निमुळतं टोक खाली करून एक दिवस उभी ठेवा. हलवू नगा. शीण जाऊ दे त्यांचा." उभी कशात ठेवायची? मी स्टीलचे अकरा पेले फळीवरून काढले, ओळीनं मांडले, प्रत्येकात थोडी बाजरी आणि त्यावर एक अंडं उभं केलं. संध्याकाळी वहिनी भाकरी घेऊन आली आणि चौकटीतच थबकली.

"भावजी, पाव्हनं आल्यात का?"

"कोल्हापूरचे."

"कवा उठनार?"

"उद्या. शीण घालवतेत."

तिनं जवळ येऊन बघितलं, अंडी मोजली, माझ्याकडं बघितलं. "इकत आनली? पार्सलनं? आन् माज्या घरात मडकंभर पडल्यात!"

"तुमच्या कोंबड्याची मला नको, वैनी. का नको ते तुमाला म्हाईत हाय."

"ती गेली, तरी तिचं भांडान तुमी चालवनार?"

"तिनं माझ्यासाठी दुसरं काय ठिवलंय?"

वहिनी भाकरी ठेवून निघाली, पण दोन पावलं जाऊन वळली. तिला शेवटचा शब्द लागतोच. "आन् वाण वाण करता, तर ही कोल्हापूरची अंडी हिच्या पोटची हायेत का? निस्तं पाळनाघर घातलंय कोंबडीचं. वाण पायजे आसंल तर हिच्याच पोटचं अंडं लागंल. त्याला कोंबडा लागतोय. आन् कोंबडा ह्या भागात एकच हाय." आणि गेली.

खरं होतं. मला आधीच ठाऊक होतं, पण कोणी बोलून दाखवेपर्यंत ते नसल्यासारखं वागता येतं.

दुसऱ्या दिवशी अंडी कोंबडीखाली घातली. बायको घालायची तशीच, टोपलीत राख, वर भुसा, आणि कडेला विळा, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. कोंबडीनं अकराच्या अकरा पोटाखाली ओढून घेतली. बल्ब काढायला गेलो तर हाताचं रक्त काढलं. म्हटलं, राहू दे. बारा झाले.

मग रोज कोल्हापूरचा फोन. "कशी हाय?" "बसलीय." "उठतीया का?" "एकदा उठते, हगते, पाणी पिते, बसते. माझंबी तसंच हाय." सातव्या दिवशी तो म्हणाला, अंड्याच्या मागं बॅटरी धरून आत शिरा दिसतात का बघा, आणि मला व्हिडिओवर दाखवा. आता बॅटरी मोबाईलची आणि व्हिडिओही मोबाईलचाच. एका मोबाईलनं अंड्याच्या मागं उजेड पाडायचा आणि त्याच मोबाईलनं पुढून दाखवायचं, हे अर्धा तास आम्ही दोघं करत होतो. त्यानं माझी हनुवटी बघितली, पत्रा बघितला, कॅलेंडर बघितलं. शेवटी वहिनीची बॅटरी मागून आणली. अंडं उजळलं. आत काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी. दुसरंही तसंच. कोल्हापूरवाला म्हणाला, "कवा कवा उशिरा दिसतंय." तो मला समजावत होता, आणि मी समजून घेत होतो.

एकोणिसाव्या दिवशी वहिनी न बोलावता आली. परातीत कोमट पाणी घेतलं. अंडी जिवंत आहेत का हे बायका असं बघतात. पाण्यात सोडायची, आत पिल्लू असेल तर अंडं आपोआप डुलतं, धक्के मारतं. बायको हे करायची तेव्हा मी कधी जवळ थांबलो नव्हतो, बायकांचं काम म्हणून. आता परातीसमोर मांडी घालून बसलो. वहिनीनं एकेक अंडं पाण्यात सोडलं. पाणी निवळलं. अकरा अंडी जागच्या जागी.

"पानी गार झालं आसंल," मी म्हणालो.

तिनं पाणी पुन्हा कोमट करून आणलं. पुन्हा सोडली. एक हललं. मी ओरडलो, "ते बघा!" तर बाहेरून ट्रॅक्टर चालला होता. तो गेल्यावर तेही थांबलं.

"अजून एकदा," मी म्हणालो. तिनं तिसऱ्यांदा पाणी बदललं. ही बाई, जी माझ्या बायकोशी तीस वर्षं धड बोलली नाही, तिनं तिसऱ्यांदा चूल फुंकली. मग परातीतली अंडी एकेक पुसून ओळीनं ठेवली आणि म्हणाली, "न्हाई, भावजी."

मी तरी ती परत कोंबडीखाली घातली. आणखी सहा दिवस. कोंबडीचा तुरा पांढुरका पडला, अंग चिपाडासारखं हलकं झालं. दाणे तोंडाशी धरले तरी बघेना. कोल्हापूरवाला म्हणाला, काका, दुसरी बारा पाठवतो, माझ्याकडून. मी नको म्हणालो. त्या माणसाचा दोष नव्हता. अंडी अर्धा महाराष्ट्र हिंडून आली होती, मोटारीच्या खोक्याखाली बसून आली होती.

पंचविसाव्या दिवशी मी वहिनीच्या अंगणात गेलो. बायको असती तर गेलो नसतो. ती बाजरी पाखडत होती.

"वैनी, कोंबडी मरतीय."

"नासकी अंडी काढा. गार पान्यात बुडवा तिला. खुडूक मोडतंय."

"मला हुत न्हाई."

ती सूप ठेवून उठली. आमच्या घरात येऊन तिनं टोपलीतली अंडी काढून खड्ड्यात पुरली, बल्ब उकिरड्यावर टाकला. कोंबडीचे पंख धरून तिला बादलीतल्या पाण्यात पोटापर्यंत बसवलं. कोंबडी किंचाळली. मी पाठ फिरवून उभा राहिलो. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तिनं हे केलं. चौथ्या दिवशी कोंबडी पाण्यातून निघाली, अंग झटकलं आणि थेट माझ्या ताटातल्या भाकरीवर तुटून पडली. मी ताट तिच्यापुढं सरकवलं.

तिचा तुरा परत लाल व्हायला पंधरा-वीस दिवस गेले. आणि तुरा लाल झाला तसा एका सकाळी तो आला. उघडी मान वर करून, भिंतीवरून उतरून, सावकाश. मी उंबऱ्यात बसलो होतो, बायको बसायची तिथंच. हात आपोआप दगडाकडं गेला. कोंबडी अंगणात माती उकरत होती. त्यानं एक पंख खाली सोडून तिच्याभोवती फेरी मारली. मी मनातल्या मनात बायकोला म्हणालो, तू गेलीस. तुझा कोंबडा मुंगसानं नेला. मी अंडी खाल्ली. आता उरलाय तो हाच. तुला चालत नसेल तर सांग.

काही आवाज आला नाही. मी उठून आत जाऊन बसलो.

पुढची अंडी मी बाजरीच्या कणगीत पुरून ठेवली, एकही खाल्लं नाही, आणि कोंबडी खुडूक झाल्यावर तिचीच तिच्याखाली घातली. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. पाच उघड्या मानेची, दोन पिसांची. ती दोन तांबूस, चालायला लागली तीच रुबाबात. पाचांच्या माना अशा की पातळ कातडीखाली धडधड नुसती डोळ्यानं दिसत होती. मी कोल्हापूरला फोटो पाठवला. त्याचा लगेच निरोप आला, "काका, हा कुठला वाण? अंडी पाठवतासा का?" मी म्हणालो, पाठवणार नाही. तुम्हीच या आणि मांडीवर धरून न्या.

वहिनी आली ती कमरेवर हात ठेवून.

"कोंबडा माझा. वाटा निघतोय माझा."

"कोंबडी कुनाची? टोपली कुनाची? बाजरी कुनाची?"

"आन् पान्यात कुनी बुडवली?"

मी म्हणालो, "घ्या मंग. पाच हायेत तुमच्या वळनाची, त्यातली दोन घ्या."

तिनं त्या पाचांकडं बघितलंसुद्धा नाही. "तसली माझ्याकडं ढीग हायेत. मला ते तांबडं पायजे."

"ते न्हाई."

"एक द्या."

"ते तिच्या वाणाचं दिसतंय, वैनी."

"म्हनून तर मागतेय," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर ओढून लिंबाकडं बघत उभी राहिली. हलेना. शेवटी मी दोन्हींतलं जरा जास्त चुणचुणीत पिल्लू उचलून तिच्या ओंजळीत ठेवलं. तिनं ते पदराखाली घेतलं आणि गेली.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून तिचा आवाज यायला लागला. ती त्या पिल्लाला शिव्या घालत होती, अगदी जोरात, आणि मधेमधे थांबत होती, आमच्या बाजूनं कोणी उत्तर देतंय का बघावं तशी.